कडू हात

मलेरियाच्या गोळ्यांच्या कारखान्यात तो बावीस वर्षं क्विनीनची पूड चाळत होता. कितीही साबण लावला तरी बोटांचा कडूपणा जात नसे. अंथरुणाला खिळलेली आई त्याच्या हातचा घास घेताना रोज तोंड वाकडं करायची, "मेल्या, ताप नसताना औषध चारतोस!"

पंधरा दिवसांपूर्वी त्याला कामावरून काढलं. आई हाय खाईल म्हणून तो रोज डबा घेऊन निघे आणि बसथांब्यावर दिवस काढून घरी परते.

आज भरवताना त्याने सहज बोट चाखलं. कडूपणाचा मागमूस नव्हता. त्याचा हात जागीच थिजला.


आईने मान पुढे करून घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "कडूच लागतोय रे, काळजी करू नकोस."