सिंहाच्या पंजाजवळची खोच

"खरी आहे का खोटी, तेवढंच सांग," म्हणत भैयाजींनी रुमालाची गाठ सोडली आणि सोन्याची जुनी मोहर अतुलच्या पुढ्यात ठेवली. "दिव्याच्या लग्नात तिच्या गळ्यात घालाले देतो म्हणतो. पण ऑनलाइन अशाच मोहरा लय दिसून राह्यल्या, म्हणून शंका आली."

अतुलनं मोहर उचलली. तिच्यावरच्या सिंहाच्या पंजाजवळ बारीक खोच दिसली आणि त्यानं ती लगेच खाली ठेवली.

काटा हाताशी होता, कसोटीचा दगडही. त्याला दोन्हींची गरज वाटली नाही. ही खोच त्यानं झोपेतही ओळखली असती.

मूल गावच्या बाजारात अतुल सोनाराच्या शब्दाला मान होता. हिवाळा आला की वडशाच्या नाटक कंपन्यांना तो पितळेचे दागिने ओतून, वर सोन्याचा मुलामा देऊन द्यायचा. दोन वर्षांमागं सिंदेवाहीकडची एक म्हातारी मोहर उजाळायला ठेवून गेली. अतुलनं गुपचूप तिचा साचा घेतला आणि मोहर लख्ख करून म्हातारीला परत दिली. तिचं काय गेलं, अशी मनाची समजूतही घातली. साच्यातल्या मोहरा नाटकातल्या राजाच्या गळ्यासाठी होत्या. उरलेल्या मात्र त्यानं दुसऱ्याच नावानं ऑनलाइन विकल्या, अस्सल म्हणून. साच्यानं ती खोचसुद्धा इमानेइतबारे उचलली होती.

"काऊन गप झाला?" भैयाजींनी विचारलं.

"चाय सांगू?"

"चाय राहू दे. तू खरी म्हटली की झालं. दुसऱ्या कोणाले मी दाखवत नाई."

दिव्या ही राइस मिलवाल्या भैयाजींची एकुलती पोर. तिच्या बाळपणीचे वाळे अतुलनंच घडवले होते, आणि ती अजून त्याला काका म्हणायची. तिच्या गळ्यात आपलं पितळ! अतुलला स्वतःचीच शिसारी आली. खरी म्हणून मोकळं व्हावं, असं जिभेवर आलंही होतं. ते त्यानं गिळलं.

"खोटी आहे, भैयाजी. मीच ओतली. तुमचे पैसे वापस देतो."

"कोणते पैसे?"

"ऑनलाइन घेतली ना, त्याचे."

भैयाजींनी मोहरेवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मी नाई घेतली ऑनलाइन. ही माह्या सासूची, सिंदेवाहीची. म्हातारीनं मरेपर्यंत पानाच्या चंचीतून बाहेर काढली नाई. एकदाच काढली, तुह्याकडं उजाळाले देली तेव्हा."

अतुलनं काटा पुढं ओढला. त्यानं मोहर काट्यावर ठेवली. वजन चोख सोन्याचं भरलं.

"भैयाजी, हे पाहा, ही खरीच आहे…"

"तुह्या काट्याले काय पाहू?" भैयाजी उठले. "म्हातारीची मोहर कुठी आहे, अतुल?"