आतून धरायला कोणी
बायकोचा, नेवेंकाचा, आजार बरा होणारा नाही असं ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी येर्कोने जुन्या लाकडी मोटरयॉटची दुरुस्ती अर्धवट सोडली. ती गेल्यावर बोट विकायला काढली आणि किंमत ठरवायला स्प्लिट शहरातून बोटींची पारख असलेल्या जुन्या दोस्ताला, श्पिरोला बोलावलं. श्पिरोने हातोडीने फळ्या वाजवल्या. “लाकूड खणखणीत आहे रे. ही एकच फळी सुटी का?” “रिव्हेटचे खिळे ठोकायला दोघं लागतात. मी बाहेरून ठोकायचो, नेवेंका आतून लोखंड दाबून धरायची.” “मग ठोक, तरच किंमत सांगतो.” “आणि आत कोण बसणार, तुझा बाप?” जाडजूड श्पिरो कुरकुरत आत शिरला. “हाण! पण मी तुझी बायको नाही, शिव्या ऐकणार नाही.” “शिव्या तीच घालायची!” आतून तिच्यासारखीच शिवी आली. येर्को कितीतरी महिन्यांनी खदखदून हसला. फळी पक्की बसली. बोटीची किंमत मात्र ठरवायची राहूनच गेली.