सहीची जागा

सचिवसाहेबांनी तडकाफडकी राजीनामा का दिला, यावर दुपारपासून कार्यालयात तर्कांना नुसता ऊत आला होता. कॅन्टीनवाल्यांच्या मते मंत्र्यांशी वाजलं होतं. लिफ्टमनने तर साहेबांना निवडणुकीचं तिकीटही देऊन टाकलं.

गप्प होत्या फक्त स्टेनोबाई. तो राजीनामा मुळात त्यांचा स्वतःचा होता. नोकरीला वैतागून सकाळी टाइप केला, खाली नाव घालायचं राहिलं आणि कागद चुकून सह्यांच्या फाइलीत गेला. साहेबांनी नेहमीसारखं “कुठे?” एवढंच विचारलं आणि शिपायाने बोट ठेवलं तिथे सही ठोकली. जावक कारकुनाने सहीखाली साहेबांचा शिक्का हाणला. मंत्र्यांनी तासाभरात मंजूरही केला.

“बाई, चुकून सही झाली म्हणून सांगितलं तर?” केबिनचं दार लावून साहेबांनी विचारलं.

“मग आजवरच्या सह्या कशा झाल्या, तेही विचारतील, साहेब.”

खाली वार्ताहर जमले होते. साहेबांनी कोट घातला, तसा आवाजही भारदस्त झाला. “पत्रक टाइप करा. तत्त्वासाठी मी पदावर लाथ मारली. नीट फुलवून लिहा.”

बाई जागेवर जाऊन बसल्या. सकाळपासून जे घडलं ते त्यांनी जसंच्या तसं टाइप केलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“कुठे?”

बाईंनी बोट ठेवलं.