जप्त केलेलं हसणं

सलाउद्दीन दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात भाईदास वाकून आत शिरला.

"बंद करी ऱ्हायना का, भाई?"

"कायमनंच. यास्मीन गयी, आते कोन्हासाठे उघडू? सुरतले बहीणकडे जास."

भाईदास कळसाडी गावचा. तळोद्याच्या बाजारात तो वर्षानुवर्षं याच दुकानाच्या पायरीशी मिरच्या विकायला बसे. सलाउद्दीनची बायको यास्मीन त्याला न मागता पाणी द्यायची, उन्हात बसला म्हणून रागवायचीही. पावसाळ्यात ती गेली आणि सलाउद्दीनने मोबाईल दुरुस्तीला हात लावणंच सोडलं.

भाईदासने खिशातून फोन काढला. "जाता जाता एक काम करी दे. मन्ही कौसाना व्हिडिओ काढी दे."

कौसाबाई म्हणजे भाईदासची बायको. एका परदेशी ॲपवर ती अहिराणीतून नवऱ्याची खोड काढायची आणि गावोगावची माणसं हसायची. सरकारने त्या ॲपवर बंदी घातली, तसे तिचे व्हिडिओही गेले.

"त्याले तर कैक वरीस व्हयनात. आतेच कशी याद उनी?"

भाईदासने मान खाली घातली. "घर खावाले उठस, भाई. तिनं हासनं ऐकानं शे."

सलाउद्दीनने पुढे काही विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे तो नुकताच शिकला होता. त्याने शटर वर ढकललं.

पुढच्या बाजाराला भाईदास हजर. पोलीस वाळूचा ट्रॅक्टर पकडून आवारात उभा करतात, तसं सरकारने व्हिडिओ कुठल्यातरी गोदामात ठेवले असणार, असं त्याचं म्हणणं.

"अर्ज करूत. आपला माल शे."

सलाउद्दीनने परोपरीने समजावलं, पण तो ऐकेना. शेवटी दोघं तहसील कचेरीत गेले. कारकून हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. सलाउद्दीन तापला, "हासू नका साहेब, यान्ही बायको शे त्यामा!" बाहेर आल्यावर त्याला स्वतःलाच हसू फुटलं. यास्मीन गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला.

मग दर बाजाराला भाईदास भाकरी आणि ठेचा आणू लागला. "एकलाले घास उतरस नही," म्हणायचा. सलाउद्दीनलाही दोन घास खावेच लागायचे. दुकान उघडं दिसलं, तशी डोंगरातून जीपने येणारी गिऱ्हाइकं फोन घेऊन परत येऊ लागली. सुरतेहून बहिणीचा फोन आला की तो सांगायचा, "अभी नहीं आपा, एक काम हाथ में है."

बंदीचं ॲप उघडू पाहणं म्हणजे नसती भानगड, हे त्याला कळत होतं. तरी त्याने दुबईतल्या भाच्याला, जाहिदला, कामाला लावलं. तिथे ते ॲप चालतं. पण कौसाबाईचं खातं कोणत्या नावाने होतं, हे भाईदासला धड सांगता येईना. एकदा एक नाव सांगायचा, दुसऱ्यांदा दुसरंच.

"बायकोनं नाव बी याद नही का रे तुले?" सलाउद्दीन चिडायचा.

"नाव याद शे. ते इंग्रजीमा काय लिखेल व्हतं, ते नही."

अखेर जाहिदनेच शोधून काढलं. व्हिडिओ आला आणि सलाउद्दीनने तो गल्ल्यावर बसूनच पाहिला. गोल चेहऱ्याची, ठसठशीत कुंकवाची बाई लाटणं उगारून सांगत होती, "आमना हाऊ माणूस मीठ मांगस, अन् डबा त्यानाच पुढे ऱ्हास!" आणि मग ती अशी हसली, की सलाउद्दीनचे डोळे भरून आले.

बाजाराच्या दिवसापर्यंत त्याला धीर धरवेना. त्याने मोटारसायकल काढली. फोन नुसता हातात देऊन परतायचं नाही, भाईदास ऐकत असताना शेजारी बसायचं, असं त्याने वाटेत ठरवलं. यास्मीन गेल्यावर फोनमध्ये राहिलेला तिचा आवाज त्याने एकट्याने ऐकला होता. तशी वेळ कुणावर येऊ नये.

कळसाडीत लोकांनी घर दाखवलं. त्याने कडी वाजवली. दार उघडलं. समोर व्हिडिओतलाच गोल चेहरा, तेच ठसठशीत कुंकू. कसाबसा म्हणाला, "मी... तळोदाना सलाउद्दीन. भाईदासभाऊ शेत का?"

समोरच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि आत वळून ओरडली, "ऐकं का! तुमना सलाउद्दीनभाई उनात! आते काय सांगशात त्यास्ले?"