चित्रकलेच्या वर्गातली बैठक

दार उघडं होतं, पण आत कुणीच नव्हतं.

तिने घड्याळ पाहिलं. सहाला दहा कमी. पत्ता हाच. दवाखान्याच्या नोटीस बोर्डावर कोपऱ्यातल्या पिवळ्या पडलेल्या कागदावर तो लिहिलेला होता: दारू सोडणाऱ्यांची बैठक, शाळेचं मागचं फाटक, दुसरा मजला, चित्रकलेचा वर्ग, दर बुधवारी सहा वाजता. शेजारचं लसीकरणाचं पत्रक वाचत असल्याचं सोंग करून तिने तो उतरवून घेतला. काल संध्याकाळी येऊन जिना आणि दिव्याचं बटण बघूनही गेली. तीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलेल्या बाईला ऐनवेळी चाचपडणं आवडत नसे.

तिने दिवा लावला. रिकाम्या हाताने कुणाकडे जायची सवय नव्हती, म्हणून आणलेला चहाचा थर्मास आणि कागदी कप टेबलावर ठेवले. मग फळा पुसून वर तारीख लिहिली. तारीख घातल्याशिवाय तिच्याने कुठलंच काम सुरू होत नसे.

आज न पिता नववा दिवस होता. मुलीने शांतपणे सांगितलं होतं, "शपथा पुरे झाल्या, आई. घराबाहेरच्या चार माणसांसमोर तोंडाने बोल. मग बाळाला तुझ्याकडे ठेवते." बाळ पाच महिन्यांचं होतं. आजीने अजून त्याला एकटीने मांडीवर घेतलं नव्हतं.

"येऊ का?"

दारात साठीचा एक माणूस उभा होता. कानावर पेन्सिल.

"या ना," ती म्हणाली.

तो आत आला, पण बसला नाही. भिंतीशी रचलेल्या खुर्च्या उतरवून त्याने गोलात मांडल्या. प्रत्येक खुर्ची हलवून पाहिली. एक बाजूला काढली.

"हिचा पाय गेलाय. हिच्यावर कुणाला बसवू नका."

"सुतारकाम करता?"

"चाळीस वर्षं."

तिला बरं वाटलं. बैठक चालवणारा माणूस तरी वेळेवर आला होता.

सहा वाजले, सव्वासहा झाले. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. दोघं समोरासमोर बसले होते.

"सुरू करू या का?" तिनेच विचारलं.

सुताराने घसा खाकरला. तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत तो सावकाश म्हणाला, "इथे कुणी कुणाचं नाव विचारत नाही. इथे ऐकलेलं इथेच राहतं. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही."

नवख्या माणसाला अवघडू नये म्हणून तो नजर टाळतोय, हे तिच्या लक्षात आलं. किती सरावाचा माणूस.

"आधी तुम्ही बोला," तो म्हणाला.

तिने पदर सारखा केला आणि ती बोलली. "मी दारू पिते. मी मोजून प्यायचे. लॅबमधलं मोजपात्र घरी आणलं होतं. साठ मिलिलिटर, एक थेंब जास्त नाही. वाटायचं, मापात पिणारा माणूस बुडत नाही. मग मी मोठं मोजपात्र आणलं."

सुतार हसला, आणि लगेच ओशाळला. "माफ करा. आमच्याकडे मोजपट्टी फक्त लाकडाला. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार."

मग तीही हसली. पुढचं सोपं गेलं. खोट्या नावाने स्वतःचंच रक्त तपासून त्या रिपोर्टवर "ताबडतोब डॉक्टरांना भेटा" असा शेरा तिने स्वतःच मारला होता, तेही सांगितलं. तो गुडघ्यांवर कोपर टेकून ऐकत होता. इतकं मन लावून तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

मग तो बोलला. एका घराचा दरवाजा त्याने एवढा वाकडा बसवला की मालकीणबाई दोन दिवस खिडकीतून ये-जा करत होत्या. बायको तेव्हापासून त्याच्याशी फक्त "जेवायला वाढलंय" एवढंच बोलत होती. असं सांगत होता, जणू कालचीच गोष्ट. कप धरलेला हात थरथरत होता. वयाने होतं तसं.

"सुटेल ना हो?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्याकडे बघून वाटतंय, सुटेल."

हे वाक्य तिने मनात जपून ठेवलं. मुलीला काय सांगायचं तेही ठरलं. चार माणसं नव्हती, एकच होता. पण असा मुरलेला माणूस चौघांच्या बरोबरीचा. किती दिवसांनी तिला छातीत हलकं वाटत होतं.

सात वाजता शिपाई कुलूप घेऊन आला आणि दारातच थबकला.

"मॅडम, तुम्ही इथे कशा? बैठक खालच्या हॉलमध्ये असते. इथला पंखा गेला, त्याला सहा महिने झाले. आत्ताच सुटली. वीसेक माणसं होती."

तिने सुताराकडे पाहिलं. "अहो, पण मग तुम्हाला कसं कुणी कळवलं नाही?"

"मला कोण कळवणार, ताई?" सुतार म्हणाला. "मी आज पहिल्यांदाच आलो. ते नियमसुद्धा तुमच्या मागच्या भिंतीवरच्या कागदावरून वाचले. मला वाटलं, हे सगळं तुम्हीच चालवता."