चौकीतलं गवत

नकाशा कार्यालयात जुने नकाशे गिरवता गिरवता धाकटीला पहाऱ्याची एक चौकी सापडली, तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. नव्या नकाशात त्या चौकीचा मागमूसही नव्हता.

धाकटीने शोधलेल्या मागच्या दोन जागा चक्क उकिरडे निघाल्या होत्या. त्यामुळे "ही शेवटची संधी हं," असं बजावूनच ताई आणि भाऊजी रविवारी सहलीला आले.

पण चौकी दृष्ट लागण्यासारखी निघाली! तीन दगडी भिंती, खाली झुळझुळता ओढा आणि आत गुडघ्याएवढं लुसलुशीत गवत. धाकटीने घाईघाईने सतरंजी अंथरली आणि स्वतःच आधी बसली. मग ताई बसली. शेवटी भाऊजी धपकन बसले, तशा दोघी बहिणी खो खो हसल्या.

"मानलं बाई तुला!" ताई म्हणाली. धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

खाण्यात आणि गप्पांत तीन तास कसे गेले, कळलंच नाही. निघताना धाकटीने सतरंजी उचलली.

खालचं गवत ताठ उभं होतं. एकही पातं वाकलेलं नव्हतं. टोकांवर सकाळचं दवसुद्धा तसंच होतं.

"आपण बसलोच नव्हतो की काय?" भाऊजींनी गंमत केली.

धाकटी वाकून बघू लागली. तेवढ्यात तिच्या डोळ्यांदेखत गवत हळूच दबलं, ती बसली होती तिथेच. मग ताईच्या जागी.

आणि शेवटी भाऊजींच्या जागी, धपकन.