हातातला जोर

बहात्तरच्या दिवाळीत बाबालाल मणेराला गिऱ्हाइकांचा हात दाबायला जोर पुरेना आणि भरताना बांगड्या पिचायला लागल्या. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी आपली दोन बोटं त्याच्या मुठीत दिली आणि आवळायला सांगितली. मूठ आधी ढिली पडली, पण आवळत राहिल्यावर तीच घट्ट झाली. डॉक्टरांनी लगेच छातीचा फोटो काढायला लावला. गाठ फुप्फुसात होती, हाताबाहेर गेलेली, आणि अंगातला जोर तीच खात होती.

घरी येताना त्याच्या बायकोनं, कुलसुमनं, एवढंच मनात धरलं, की आवळत राहिलं तर थोडा वेळ जोर येतो.

दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात त्याच्या शेजारी बसायला लागली. गिऱ्हाईक आलं की आधी आपला हात पुढं करायची. तो आवळायचा, जोर आला की पटापट बांगड्या भरायचा. एकही पिचायची नाही.

"चाचा, आमचा हात धरायला आधी चाचीची परवानगी लागती व्हय?" बायका हसायच्या.

एका दुपारी दुकान रिकामं असताना बाबालालनं हात पुढं केला.

"गिऱ्हाईक तर कोण न्हाय की," कुलसुम म्हणाली.

त्यानं तिचा हात बराच वेळ आवळून धरला. मग तिच्या हातातल्या, विकून उरलेल्या बिनजोडीच्या बांगड्या उतरवल्या. हात बोडका नको म्हणून एक तेवढी ठेवली आणि नव्या हिरव्या बांगड्यांचा डबा पुढं ओढला.

"हाय की," तो म्हणाला. "आज तूच."